दोष आढळला नाही

न्हावीचे प्रल्हाद भारंबे तिसऱ्यांदा गाडी घेऊन आले.
वय एकाहत्तर. बाहीवर केळीच्या चिकाचा डाग,
कुठल्याच साबणाला न जुमानणारा.
जॉबकार्डावर मी तक्रार उतरवली त्यांच्याच शब्दांत:
‘रस्त्यात कोनी नसते, आन् गाडी सोताच ब्रेक दाबते.’

लॅपटॉप जोडला.
रडार ठीक. काचेमागचा कॅमेरा ठीक.
आधी दोन वेळा मीच लिहिलं होतं,
दोष आढळला नाही,
आणि खाली माझी सही, वळणदार.

सकाळीच त्यांच्या मुलाचा फोन येऊन गेलेला, पुण्याहून.
मॅडम, गाडीला काही झालेलं नाही,
पाय चुकतो त्यांचा.
तुम्ही फक्त तसं लेखी द्या,
म्हणजे किल्ली काढून घेता येईल.

ट्रायल पाच किलोमीटरची, असा नियम.
मी म्हटलं, काका, जिथं होतं तिथंच चला.

जळगावात पारा चव्वेचाळीस.
भुसावळ मागे पडलं, तापीचा पूल आला,
डोहात म्हशी नाकापर्यंत बुडालेल्या.
गाडी शहाण्यासारखी चालत होती.
रस्त्याला पांढरा पट्टा नाही, हे तिनं दोनदा कळवलं.
आम्हाला ते माहीत होतं.
डांबराच्या ठिगळाला पट्टा समजून
एकदा तिनं स्टीअरिंग हलकेच ओढलं,
बाजारात लेकरू पदर ओढतं तसं.
मग पुढे कडब्याची बैलगाडी, दोन्ही अंगांनी फुगलेली.
पडद्यावर काहीच उमटलं नाही.
वेग काकांनीच कमी केला,
मागून बैलांना दिसणार नाही असा एक हात वर करून
बैलांना रामराम घातला.

‘एकोणऐंशीपासून चालवतो,’ म्हणाले.
‘सावद्याच्या स्टेशनावर रात्री वॅगन भरायची,
जीपले एकच दिवा. तो बी उसना.’

पाडळसं गेलं. निंबाची झाडं सुरू झाली.
उन्हं कलती, चार चाळीस.
मी रस्ता बघत नव्हते.
मी त्यांचा पाय बघत होते:
चप्पल बाजूला काढून ठेवलेला उजवा पाय,
टाचेला भेग, अंगठ्याचं नख काळं,
एक्सलेटरवर नुसता टेकलेला.

आणि गाडी किंचाळली.
लाल अक्षरं पेटली, पट्टा माझ्या छातीत रुतला,
मागची पाण्याची बाटली पुढे येऊन आदळली.
पाय होता तिथंच होता.

पुढे काही नव्हतं.
म्हणजे एक सावली होती,
निंबाची, अख्ख्या रस्त्यावर आडवी.
मागून केळीचा ट्रक कर्कश हॉर्न देत
आमच्या आरशाला चाटून निघून गेला,
ड्रायव्हर दोघांच्याही आईचा उद्धार करत.

काकांनी गाडी कडेला घेतली.
‘पाह्यलं ना? बाई, पाह्यलं ना तुम्ही?’
हसायला लागले. खूप वेळ हसले.
मग रुमाल काढून चष्मा पुसला, चष्म्याखालचंही.
‘मले वाटे, मीच...’
एवढंच. पुढचं वाक्य त्यांनी बागेकडे बघत
गिळून टाकलं.

मॅनेजर म्हणाले, कोड नाही ना आला?
मग दोष नाही.
कंपनीचं उत्तर आधीच छापलेलं:
प्रणाली अपेक्षेप्रमाणे काम करीत आहे.
संगणकात दोनच चौकटी,
आणि तिसरी काढायचा अधिकार मला नाही.

मी कार्ड उलटं केलं. पेनानं लिहिलं:
पाडळशाच्या पुढे गाडी सावलीला भ्याली.
पाय मी पाहिला. ब्रेकवर नव्हता.
सही या वेळी घाईत आली, वाकडी.
आधीच्या दोन सह्यांचं काय करायचं,
त्याला कागदावर जागा नव्हती.

काकांनी झेरॉक्स मागितली. दोन.
‘एक पुन्याले धाडतो.’

निघाले.
गेटपाशी वॉचमनची रिकामी खुर्ची उन्हात होती.
गाडी तिथंही कचकन थबकली.
सावलीत बसलेल्या वॉचमनला वाटलं, आपल्यासाठीच थांबली.
तो उठला, टोपी नीट केली,
आणि सलाम ठोकला.